अर्धी उगवलेली दाढ

ठाणे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८०६

बाळकुमच्या खाडीत सापडलेली हाडे आज तपासली. कमरेचे हाड रुंद व उथळ, म्हणजे स्त्रीच. अक्कलदाढ जबड्यातून अर्धीच वर आलेली, म्हणजे वय अठरा ते बावीस. केवढे सुरेख अनुमान! मिठागरातल्या ज्या बाईची मुलगी बेपत्ता आहे, तिला मी ते उत्साहाने समजावले आणि मुलीचे वय विचारले.

"मिठागराचा बांध फुटला, त्या साली झाली."

"कोणत्या साली?"

"बांध काय, रावसाहेब, एकदाच फुटलाय?"

ती अर्धी दाढ मी पुन्हा न्याहाळली. ताडून कशाशी पाहू?

जाताना म्हणाली, "माजीच हाय म्हणा ना. मंग दिवस तरी करीन तिचे."

मी कसे म्हणावे? अहवालात लिहिले: स्त्री, तरुण, अनोळखी.