टाचांचं क्रीम

३ मार्च
बायको बहिणीकडे राहायला गेली. थोडेच दिवस. जाताना म्हणाली, या घरात बोलायला कोणी नाही. मी पेपर वाचत होतो, त्यामुळे उत्तर राहिलं. बाकी मी मजेत आहे. चहा स्वतः केला. दोन कप झाला. दोन्ही प्यायलो.

६ मार्च
निश्चय: हिच्या टाचांना भेगा पडतात. घरी क्रीम बनवायचं, स्वतः नेऊन द्यायचं आणि तिथेच म्हणायचं, "चल घरी." क्रीमच्या कंपनीत उभी हयात गेली माझी. होतो पॅकिंगला, पण लॅब शेजारीच होती.

७ मार्च, दुपारी
तेल आणि पाणी मिक्सरमधून काढलं. दुधासारखं एकजीव. बरणीत भरून जरा आडवा झालो. उठून बघतो तर तेल वर, पाणी खाली, मधे सरळ रेघ. मिक्सर जुना झालाय.

९ मार्च
लॅबमधल्या बाईंना फोन केला. ओळखायला त्यांना वेळ लागला, लाइन खराब असावी. म्हणाल्या, पाण्याचा तेलावर राग नसतो. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे तेलाला आत शिरता येत नाही. स्पिरिटला पाण्याचे कण तसेच धरता येतात, म्हणून ते लगेच मिसळतं. तेलासाठी मधे कोणीतरी लागतं, एका हाताने तेल धरणारं, दुसऱ्या हाताने पाणी. साबण तेच करतो. हे मला माहीत होतंच. बोलणं वाढवावं म्हणून त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, पण त्यांच्याकडे पाहुणे होते.

१० मार्च
भांड्यांचा साबण घालून पाहिला. फेस ओट्यावरून जमिनीवर. पुसत असतानाच लेकीचा फोन. आईशी बोललात का, विचारत होती. म्हटलं, तूच सांग तिला, मी ठीक आहे. तर म्हणाली, "बाबा, आता मी मधे नाही पडणार. तुमचं तुम्ही बोला." तिचं लग्न होईपर्यंत सगळे निरोप तिच्याकडूनच जायचे. बरं चाललं होतं. हल्लीच्या मुलांना जबाबदारी नको असते.

१४ मार्च
बाईंनी फोनवर सुचवलेलं, तेल-पाणी धरून ठेवणारं क्रीमचं मेण मिळालं. तेल-पाणी सारखंच गरम करा आणि हळूहळू ओता, असं त्यांनी बजावलं होतं. हळूहळूला फार वेळ लागतो. एकदम ओतलं. झकास जमलं. "चल घरी" आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज छान लागला.

१५ मार्च, संध्याकाळी
मेहुणीकडे जाऊन आलो. साडूंनी बाहेरच्या खोलीत बसवलं, पंखा लावला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. त्याही संपल्या. आत दोघी बहिणी हसत होत्या. ही एवढ्या मोठ्याने हसते, मला कल्पना नव्हती.
मग ती बाहेर आली. बरणी उघडली. बसच्या धक्क्यांनी तेल सुटलं होतं. तिने वरचं तेल वाटीत काढलं, पाणी आणि मेणाच्या गुठळ्या टाकून दिल्या. तेल लावेन, म्हणाली. म्हणजे निम्मं पसंत पडलं.
दारापर्यंत सोडायला आली. चौकटीला टेकून उभी राहिली. म्हणाली, "अजून काही सांगायचंय?"
गॅसवाल्याचा नंबर कुठे लिहिलाय, ते विचारलं.
चौकटीपासून सरळ होत म्हणाली, फ्रिजवर.
घरी येऊन पाहिलं. आहे.