एका मोज्याची मध्यस्थी

पंचवटी, नाशिक
१४ डिसेंबर

तीर्थरूप सावळीराम मामा यांच्या चरणी भाचा महेश याचा नमस्कार. (डोकं खरोखरच टेकवणार होतो. पण टेबल एवढंसं, त्यावर लॅपटॉप, त्यामुळे कपाळाने दोन-तीन बटणं दाबली गेली आणि जळगावच्या एका मुलाच्या आईला अर्धवट निरोप गेला. तिने उलट विचारलंय, "सर, तब्येत बरी आहे ना?")

पत्र बघून दचकू नका. कुणी आजारी नाही, मला कुठे डांबलेलं नाही. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर माझा आवाज चढतो, मग तुमचा चढतो, मग मामी मधेच फोन ओढून घेते आणि दोघांच्या वतीने रडते. कागदावर आवाज चढत नाही. फार तर अक्षर मोठं होतं. (ही युक्ती माझी नव्हे. कुणाची, ते पुढे येईलच.)

मामीचे गुडघे कसे आहेत? बागेत द्राक्षाचे मणी फुगायला लागले असतील. निफाडचा पारा घसरल्याची बातमी रोज पेपरात वाचतो आणि दर वेळी मला तुमचे पाय आठवतात. पहाटे उठून बागेत शेकोट्या करत फिरत असाल. पायांना जपा, मामा. त्यातही एका पायाला जास्त. असं का लिहितोय तेही पुढे येईल, घाई करू नका. घाई आणि राग हे दोन्ही मी तुमच्याकडूनच उचललेत, त्यामुळे तुम्ही आत्ता शेवटचं पान उलटून बघताय हे मला इथून दिसतंय.

मी काय काम करतो असं गावात कुणी विचारलं, की तुम्ही "मोबाईलशी बोलतो" असं सांगता, हे मामीकडून कळलं. तसं ते खोटं नाही. मी लहान मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवतो. कंपनीच्या जाहिरातीत लिहिलं होतं, वेळ तुमचा, जागा तुमची. जागा भाड्याची आहे आणि वेळ मुलांच्या आयांचा. एकीचा मुलगा जेवल्याशिवाय शिकत नाही, दुसरीचा शिकल्याशिवाय जेवत नाही, आणि दोघांचा तास सहालाच. कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट, कमरेच्या खाली हाफ पँट. आणि पंचवीस मिनिटं सतत हसायचं, हा कंपनीचा नियम. पहिल्या आठवड्यात गाल असे आखडले, की चहाला फुंकर मारता येईना. तुमच्या ज्या घरात लहानाचा मोठा झालो तिथे इतक्या वर्षांत जेवढा हसलो नाही तेवढा इथे एका महिन्यात हसलो.

आता तुम्ही म्हणाल, दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडून आलेला हा काय इंग्रजी शिकवणार? कॉलेज का सोडलं ते मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं. जर्नल सरांच्या टेबलावर आपटलं, एवढंच तुमच्यापर्यंत आलं. का आपटलं ते तुम्ही विचारलं नाहीत आणि मीही ताठ्यात सांगितलं नाही. माझ्या बाकावर पेठकडच्या आदिवासी पाड्यावरचा एक मुलगा होता. इंग्रजीत उत्तर देताना अडखळला, तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "जंगलातून थेट वर्गात आलास का?" वर्ग हसला. मी उठलो. पुढचं तुम्हाला माहीत आहे. (तो मुलगा तिथेच राहिला आणि चांगल्या मार्कांनी पास झाला. बाहेर फक्त मी पडलो.) आणि मग तुमच्या ओट्यावर आपलं जे व्हायचं ते झालं. तुम्ही म्हणालात, "एवढा तापट गडी, तुला कोण पोरगी देईल?" मी म्हणालो, "तुमच्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही." आणि दोरीवरचे वाळत घातलेले कपडे ओढून पिशवीत कोंबले आणि निघालो.

त्या कपड्यांत एक राखाडी लोकरीचा मोजा निघाला. एकच. माझा नव्हता.

(मामा, पत्र फेकू नका. पुढे वाचा.)

झालं असं, की शिक्षकाजवळ एक बाहुली हवी, हा कंपनीचा आणखी एक नियम. मी तुमच्या मोज्याला शर्टाची दोन बटणं शिवली आणि हातात घातला. त्याचं नाव गोटीराम. त्याला बोलतं करायला गेलो, तर तोंडातून आपोआप तुमचाच आवाज निघाला. आधी खाकरतो, मग "हां, तर काय म्हणत होतो" म्हणतो आणि मग इंग्रजी सुरू करतो. मुलांना तो माझ्यापेक्षा फार आवडतो. माझे सगळे विद्यार्थी आता इंग्रजी बोलण्याआधी खाकरतात. एका आईने तर मुलाला डॉक्टरकडे नेऊन आणलं.

आता खरी गोष्ट. इथे फुलबाजारात मखमलाबादकडच्या मळेकऱ्यांच्या पाट्या लागतात. त्यांतली एक दीपमालाची. झेंडू, शेवंती, गुलाबाच्या जुड्या. मी तिच्याकडून रोज पाव किलो झेंडू घ्यायला लागलो. माझ्या खोलीत देव एकच, तोही कॅलेंडरवरचा. आठ दिवसांत कॅलेंडर झाकलं गेलं आणि मला तारीख कळेना. शेवटी तिनेच विचारलं, "तुमचं देऊळ आहे का हो?" मी म्हटलं, नाही, मी मोबाईलवर इंग्रजी शिकवतो. या दोन गोष्टींचा संबंध काय, ते तिने विचारलं नाही. म्हणाली, "मग आमच्या आरोहीला शिकवाल? शाळेत तोंडच उघडत नाही ती."

आरोही म्हणजे तिची भाची, भावाची मुलगी, तिसरीत आहे. मी लगेच हो म्हणालो. पहिले पंधरा दिवस दीपमालाचा मला फक्त कोपर दिसला. लोणच्याच्या बरणीला फोन टेकवून ठेवायला यायची, दुधाचा पेला ठेवून जायची. पण मामा, काय सांगू, तो कोपर! (बरं, राहू दे.) आरोही माझ्याशी एक अक्षर बोलत नसे. गोटीरामशी मात्र हळूहळू बोलायला लागली. खाकरायची आणि एक शब्द सांगायची. मग दोन. गेल्या आठवड्यात तर अख्खं वाक्य म्हणणार होती. ती मधेच अडकली. आणि फोनच्या मागून एक जाडा आवाज आला, "बोल की! दातखीळ बसली का? एवढे पोरं बोलत्यात, तुलाच काय झालं?"

पोरीची हनुवटी छातीला टेकली.

मामा, मला पुन्हा तेच झालं. कानशिलं तापली. मी ओरडलो, "ओ, कोण आहे तिकडे? माझ्या वर्गात मुलांवर आवाज चढवायचा नाही! उठा, बाहेर व्हा आधी!" हातात गोटीराम होता आणि ओरडताना तोच हात कॅमेऱ्यासमोर गेला होता, त्यामुळे तिकडे पडद्यावर माझं तोंड दिसतच नव्हतं. एक राखाडी मोजा चवताळून ओरडतोय, एवढंच दिसलं. एक पांढरा पायजमा पडद्यावरून हळूच गेला. कडी वाजली. मग पहिल्यांदाच दीपमालाचा पूर्ण चेहरा दिसला आणि ती म्हणाली, "सर, ते माझे दादा होते."

दादा म्हणजे तिचे वडील, चिमाजी दादा. जिच्यासाठी मी कॅलेंडरवरचा देव फुलांत बुडवला, तिच्या बापाला मी त्याच्याच घरातून बाहेर काढलं. तेही तुमच्या मोज्याकरवी.

तीन दिवस तास झाला नाही. फुलबाजारात जायची हिंमत झाली नाही. झेंडू सुकला, तारखा पुन्हा दिसायला लागल्या. तुमचं वाक्य सारखं कानात. कोण पोरगी देईल? चौथ्या दिवशी बरोबर तासाच्या वेळेला आरोहीच्या घरून फोन लागला. पडद्यावर पांढरी टोपी आणि एक भुवई. मी हात जोडले, तोंड उघडलं.

"तू नाय," चिमाजी दादा म्हणाले. "तो मोजा कुठंय? त्याला बोलव."

मी गोटीरामला पुढे केलं.

"गोटीराम," ते म्हणाले, "तू मला घरातून काढलं. माझ्या बापानंतर मला कुणी काढलं नव्हतं. तीन दिस मी गोठ्यात बसून इचार केला. माझी दीपा नववीत धडा वाचीत होती, अडखळली, तवा मी असाच वरडलो. तिनं पुस्तक मिटलं ते माझ्यापुढं परत उघडलंच नाय. तवा मला बाहेर काढाया कुणी नव्हतं." मग त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मागे कुठे तरी भांडं पडलं.

"आता एक इचारतो. तुझे सर रोज पाव किलो झेंडू नेत्यात. घरात देव किती हायेत?"

गोटीराम खाकरला. "एक."

"मग मला समजलं ते बरोबर हाय. गडी वाईट नाय. पण लय तापट हाय. तापट माणसाला धाक कुणाचा, ते बघावं लागतं. त्यांचं मोठं माणूस कोण?"

मामा, अकरा महिने ज्याच्याशी बोललो नाही त्याचं नाव कोणत्या तोंडाने घेऊ? आरोही अडकते ना, तसा मी अडकलो. मग तुमचा मोजाच तुमच्या आवाजात बोलला, "निफाडचे सावळीराम मामा."

"मग रविवारी त्यांना घेऊन या," चिमाजी दादा म्हणाले. "मोजा नको."

असं सगळं झालं. हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. मामीला नमस्कार. द्राक्षांना हिमाची नजर न लागो.

तुमचा (अजूनही तुमचाच)
महेश

ता. क. खरं म्हणजे मागायचंच होतं. रविवारी सकाळी दहाला मी निमाणीच्या स्टँडवर उभा राहतो. टोपी धुतलेली घाला. चिमाजी दादांशी बोलताना आवाज चढवू नका, तेही चढवतील आणि मग मला दोघांनाही बाहेर काढावं लागेल.

आणखी ता. क. दीपमालाला विचारलं का, असं मामी विचारेल. काल विचारलं. ती जुडी बांधत होती, वर न बघता म्हणाली, "दादा बोलायला लागले की मी दर वेळी आमच्या बाजूचा आवाज बंद करायचे, तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मुद्दाम नाही केला." मी म्हटलं, हे उत्तर समजायचं का? ती म्हणाली, "आधी मामांशी बोला. फोन करू नका, आवाज चढेल. पत्र लिहा." पाव किलोच्या जागी अर्धा किलो घातला तिने.

शेवटचं. दुसरा मोजा असेल तर घालून या, एक पाय तरी उबदार राहील. इथला एक मी धुऊन ठेवलाय, बटणं मात्र काढलेली नाहीत, आरोही काढू देत नाही. आधी ठरवलं होतं की पुढचं वाक्य गोटीरामच्या तोंडी घालावं, त्याला ते सोपं जातं. पण नको.

मामा, माझं चुकलं. (हे मोज्याशिवाय लिहिलं आहे.)