मोटार, तिच्या हीटरच्या पेटीसह

मी, इद्वाल प्रॉसर, वय चौऱ्याहत्तर, वजनमापे खात्यातील निवृत्त निरीक्षक, राहणार माखन्लेथ, वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या स्वयंपाकघरातील टेबलावर, स्वतःच्या हाताने, कोणाचेही दडपण नसताना लिहीत आहे. गुडघे सोडल्यास प्रकृती चांगली आहे. मन ठिकाणावर आहे. मध्यंतरी सोळा महिने ते नव्हते. ते परत कसे आले हे कलम पाचमध्ये लिहिले आहे, कारण त्याचा मिळकतीशी संबंध आहे.

१. याआधीचे दोन मसुदे मी फाडले आहेत. त्यांचे तुकडे कोणाला सापडल्यास शेगडीत घालावेत.

२. राहते घर माझ्या बहिणीची मुलगी लाउरी हिला द्यावे. पडद्यांचा रंग तिने आधीच ठरवला आहे असे कळते. माझी हरकत नाही. मागच्या दाराची कडी आधी उचलून मग ढकलावी लागते, एवढे तिला सांगावे. बँकेतील शिल्लक डोंगरातील बचाव पथकाला द्यावी.

३. माझी पत्नी मेरेरिड हिने चाळीस वर्षे गाद्या, खुर्च्या आणि मोटारींच्या बैठका शिवण्याचा धंदा केला. ती ६ मार्च २०२३ रोजी वारली. तिचे मोठे शिलाई यंत्र गावातील दुरुस्ती मंडळाला द्यावे. तिची मोठी कात्रीही त्यांनाच, मात्र ती फक्त कापडासाठी आहे हे भिंतीवर लिहून लावावे. मी एकदा त्या कात्रीने सँडपेपर कापला होता. त्यानंतर तीन दिवस घरात फक्त रेडिओ बोलत होता.

४. माझी प्रमाणित वजने, लाकडी पेटीसह, शाळेला द्यावीत. ती अजून बरोबर आहेत. या गावातील किती तराजू बरोबर होते, हे मी माझ्याबरोबर नेणार आहे.

५. मोटार. १९६४ सालची, दोन दारांची, फिकट हिरवी. ती आम्ही गंजलेल्या अवस्थेत एका मेंढपाळाच्या गोठ्यातून आणली. आम्ही म्हणजे मेरेरिडने. मी दिवा धरण्याचे आणि स्क्रू डब्यांत लावून ठेवण्याचे काम केले.

मेरेरिडचा धाकटा भाऊ गेथिन पॅरी याच्याकडेही एक जुनी मोटार आहे. ती तो ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला नेतो आणि पावसाचा थेंब दिसला की आच्छादन घालतो. मेरेरिड त्याला म्हणे, "गेथिन, पावसात चालत नाही ती मोटार नव्हे, कपाट आहे." आपली मोटार आपल्यामागे बारा महिने, पावसात, काच न धुरकटता चालली पाहिजे, ही तिची एकमेव इच्छा होती. दुसरी कोणतीही तिने सांगितलेली नाही.

काच धुरकटू नये यासाठी हीटरची पेटी घट्ट लागते. पेटीच्या आत गरम हवा इकडे किंवा तिकडे वळवणाऱ्या झडपा असतात आणि झडपांच्या कडांना फोम असतो. फोम जुना झाला की त्याचा काळा भुगा होतो, हवा भलतीकडे पळते, पाय गार पडतात आणि काच पांढरी होते.

बावीस वर्षांपूर्वी ही पेटी गेथिनने आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून स्वतः बंद करून दिली. खिडकीच्या काचांना लावतात ते सिलिकॉन त्याने सढळ हाताने वापरले. आम्ही समुद्रकाठी जेवायला निघालो. पाऊस होता. पहिल्याच डाव्या वळणावर डॅशबोर्डखालून बर्फासारखे पाणी मेरेरिडच्या नव्या बुटांवर ओतले गेले.

ती शांतपणे म्हणाली, "इद्वाल, गाडी थांबव. तुझ्या मेहुण्याने माझ्या पायांवर नदी सोडली आहे."

बाहेरच्या हवेबरोबर पेटीत शिरणाऱ्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठी तळाशी एक नळी असते. ती बुजली होती. मेरेरिडने हॉटेलातून फोन केला, तेव्हा गेथिन म्हणाला, "ताई, पाणी साठलं म्हणजे पेटी किती पक्की बसलीय बघ!" नळी आपण बुजवली नाही, त्यात पाने अडकली असतील, असेही तो म्हणाला. मेरेरिडने ते सिलिकॉन नखांनी उकरून काढले आणि गेथिनला आमच्या मोटारीला हात लावण्याची कायमची बंदी केली. "जे पुन्हा उघडता येत नाही, ते बंद केलं म्हणू नये," असे ती म्हणाली. "ते पुरलं म्हणावं."

गेल्या वर्षी फेब्रुवारीत मेरेरिडने ती पेटी पुन्हा बाहेर काढली आणि नवा फोम लावला. मग तपासणीसाठी आत बॅटरीचा दिवा लावून सगळी तोंडे झाकली आणि आम्ही दोघे पेटीसह जाड घोंगडीखाली शिरलो. जिथून उजेड दिसेल तिथून हवा जाणार, असा तिचा हिशेब होता. दुपारचे दोन वाजले होते. तेवढ्यात टपाल वाटणारी नेस्टा प्यू गॅरेजच्या दारात आली.

"पार्सल आहे, काका," ती म्हणाली. मग थोडे थांबून, "की उद्या येऊ?"

घोंगडीतून मेरेरिड ओरडली, "आत ये आणि दार लाव! उजेड येतोय!"

नेस्टाही आत शिरली. तिघांना मिळून दोन ठिकाणी उजेड दिसला. मेरेरिडने तिथे खडूने गोल काढले. नेस्टा म्हणाली, "काकू, माझ्या व्हॅनमध्ये असं केलं तर आकाशातल्या चांदण्या दिसतील." मेरेरिड इतकी हसली की दिवा आडवा झाला.

अकरा दिवसांनी ती गेली. मी पेटीवर घोंगडी टाकली आणि गॅरेजला कुलूप लावले. नेस्टा दर आठवड्याला टपाल देताना विचारत असे, "काका, झाली का पेटी?" मी नाही म्हणत असे. ती अधिक काही विचारत नसे. याबद्दल मी तिचा आभारी आहे.

या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्याच्या वेळी वकीलबाई मिस बेव्हन यांनी विचारले, "मोटार चालू स्थितीत आहे का?" मी कागदावर "नाही" असे लिहिले. घरी आल्यावर तो शब्द मला सहन झाला नाही. मी गेथिनला फोन केला.

"मला बंदी आहे, दाजी," तो म्हणाला.

"ती मी उठवतो."

"तुम्हाला तो अधिकार आहे का?"

"मी तिचा वारस आहे," मी म्हणालो. तो अर्ध्या तासात आला.

खडूचे गोल जसेच्या तसे होते. आम्ही चार दिवस काम केले. पाचव्या दिवशी दोन म्हातारे घोंगडीखाली शिरलो. एकदाही उजेड दिसला नाही. त्या मिट्ट काळोखात गेथिन म्हणाला, "दाजी, ती नळी मीच बुजवली होती."

"माहीत आहे."

"ताईला?"

"नळीतली सिलिकॉनची गुठळी तिनेच काढली. मोहरीच्या बाटलीत ठेवली आहे."

तो बराच वेळ हसत होता. नंतरचा आवाज हसण्याचा नव्हता, पण घोंगडीखाली कोणाचे काय चालले आहे ते दिसत नाही. ती बाटली मी त्याला त्याच दिवशी दिली, म्हणून ती या मृत्युपत्रात नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही भर पावसात डोंगरावरच्या रस्त्याने गेलो. काच कोपऱ्यापर्यंत स्वच्छ राहिली. गेथिनने बूट आणि मोजे काढले आणि अनवाणी पाय हवेसमोर धरून तो लहान मुलासारखा ओरडला, "भाजतंय, दाजी! भाजतंय!" घाट उतरेपर्यंत आम्ही दोघे गात होतो. त्या दिवसापासून माझे मन ठिकाणावर आहे.

म्हणून, सदर मोटार गेथिन पॅरी यास द्यावी. तो मेरेरिडचा भाऊ आहे, आणि रक्ताचा हक्क डावलणे मला जमत नाही. ती त्याने पावसात चालवावी. काही कारणाने ती त्याला मिळू शकली नाही तर ती नेस्टा प्यू हिला द्यावी. दुसरे नाव लिहिण्याचा आग्रह मिस बेव्हन यांचा, पण नाव माझे.

६. जो कोणी मोटार घेईल त्याने हे पाळावे. जुना फोम पूर्ण खरवडून काढावा. नवा त्यावर चिकटवू नये. पाणी शोषणार नाही असाच फोम घ्यावा. तो फार जाड नसावा, नाहीतर झडप मिटत नाही. कोपऱ्यात पट्ट्या तिरक्या कापून जोडाव्यात. पेटी आणि इंजिनामागचा पत्रा यांमध्ये कधीही न सुकणारी चिकट पट्टी घालावी. सिलिकॉन नको. निचऱ्याची नळी मोकळी ठेवावी.

७. माझ्या अंत्यविधीनंतर चहा आणि मनुक्यांचा केक द्यावा. लोणी कमी लावू नये. भाषण गेथिनने केल्यास पाच मिनिटांत संपवावे. घड्याळ लाउरीने धरावे.

हे सर्व मी वाचले आहे आणि ते माझ्या मनाप्रमाणे आहे.

(सही) इद्वाल प्रॉसर

आमच्या समक्ष सही झाली:

साक्षीदार पहिला: (सही) हेलेड्ड रीस, वकिलांच्या कचेरीतील लेखनिक

साक्षीदार दुसरा: ~~अॅर्न्विन टिबट, बेकरीवाले~~ (सही) गेथिन पॅरी

दुसऱ्या साक्षीदाराची टीप: बेकरीवाले आले होते. त्यांचे नाव मी खोडले आणि त्यांना परत पाठवले. साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, हे मिस बेव्हन यांनी मला दोनदा समजावून सांगितले. दाजी म्हणाले, "गेथिन, वेड्या, सही केलीस तर मोटार नेस्टाची होईल." मी म्हणालो, "माझ्याकडे आली तर तिच्यावर आच्छादन पडेल, दाजी. मी स्वतःला ओळखतो." नंतर मी पेन मागितले. सही माझ्या खुशीने केली आहे. गे. पॅ.

मृत्युपत्र करणाऱ्याची टीप: वरील टीप वाचली. हरकत नाही. मेरेरिडचीही नसती. इ. प्रॉ.

स्थळ: माखन्लेथ. दिनांक: ९ जुलै २०२४. पाऊस.