माझ्या दहाव्याला कोणी बोलायचे

मी, मनकर्णा भ्रतार कै. भिमाजी गोलेकर, वय अंदाजे पासष्ट, धंदा शेती, राहणार खर्डा, तालुका जामखेड, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत सांगून लिहवून घेते. अंगात बळ नाही, पण कोण काय बोलले ते सगळे लक्षात आहे. कोणाचे दडपण नाही. पुतणे आबासाहेब, पंचायत समितीचे सभासद, दडपण आणायला येऊन गेले. चहा पिऊन परत गेले.

राहते घर व किल्ल्याजवळची जमीन मुलगा रंगनाथ याला. विहिरीकडचा तुकडाही त्याचाच, मात्र त्याचे उत्पन्न त्याने खाली लिहिलेल्या मागणीच्या कामाला द्यावे. काम लिहूनच ठेवते, कारण रंगनाथ भिडस्त आहे. चुलतभावाने डोळे वटारले की तो मान खाली घालतो.

रंगनाथची मुलगी छबू सात वर्षांची असताना तिला रक्ताचा कर्करोग झाला. इकडे सगळ्यांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या. रोग कळला मुंबईच्या दवाखान्यात. तिथल्या इंजेक्शनाने पोरीला उतार पडला, ती पुन्हा खेळू लागली. पण ते इंजेक्शन आपल्या जिल्ह्यात मिळेना, आणि दर खेपेला मुंबई झेपेना. खेपा चुकल्या आणि पोर गेली. मला अजून तिचा राग येतो, की ती माझ्याआधी गेली.

त्या दवाखान्यात सोनईची भागूबाई भेटली. तिचा मुलगा आजही त्याच उपचारावर आहे. आम्ही दोघींनी मिळून मागणी केली, की नगरच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांचे रक्त तपासावे, तिथेच इंजेक्शन मिळावे, आणि आजारी लेकराला व सोबतच्या माणसाला एस.टी.चे तिकीट माफ असावे.

आबासाहेब म्हणाले, "काकू, आसली पोरं हायेत तरी किती? दाखवा की." दाखवणार कुठून? माझी जाऊ कडूबाई घरोघर सांगत फिरली, "मुदतीचा ताप म्हना. रोगाचं नाव निघालं तर धाकट्या पोरीला कोन करून घील?" ज्या ज्या घरी असे लेकरू होते त्यांनी दार लावून घेतले, आणि पुढाऱ्यांना पोरे नाहीतच असे म्हणायला मोकळीक मिळाली. कडूबाईला माझे नवे लुगडे द्यावे. तोंड झाकायला पदर भरपूर आहे.

माझे चांदीचे गोठ भागूबाईला. मोडून तिने मुंबईच्या खेपा कराव्यात. एकही चुकवू नये.

आबासाहेबांनी सभेसाठी नेलेली सतरंजी परत आली नाही. ती त्यांनीच ठेवावी. हे गृहस्थ तालुक्यातला एकही दहावा सोडत नाहीत. ओढ्याकाठी उभे राहून, ज्याला कधी पाहिले नाही त्याच्यासाठीही गळा काढतात. छबू गेली तेव्हा मात्र आले नाहीत. विचारले तर म्हणाले, "ल्हान लेकराचा दहावा नसतोय काकू. मंग बोलायचं कुठं?"

म्हणून माझा दहावा मी छबूला देते. त्या दिवशी पहिली भागूबाई बोलेल. मुलाला शेजारी उभे करून, कर्करोग हे नाव मोठ्याने घेऊन बोलेल. मग ज्यांच्या घरी असे लेकरू आहे किंवा होते त्यांनी बोलावे. आबासाहेबांनी बसून ऐकावे. मागणीसाठी नगरला कधी जाणार ती तारीख सर्वांदेखत सांगितल्याशिवाय त्यांना बोलू देऊ नये. ही व्यवस्था पाहण्याची जबाबदारी, हे लिहून देणारे गोरक्षनाथ गुरुजी यांच्यावर. "कर्करोग" शब्द गाळू का, असे त्यांनी विचारले. गाळू नये.

पिंडाला कावळा शिवेना, म्हणून घाईघाईने "तुमचं सगळं करतो" असे कोणी पुटपुटू नये. आणि लगेच शिवला, तर काकूची इच्छा पुरी झाली असे आबासाहेबांनी गावभर सांगू नये. यंदा दुष्काळ आहे. कावळा उपाशी असेल.

वाचून दाखवले, बरोबर आहे, म्हणून निशाणी डावा अंगठा: मनकर्णा भिमाजी गोलेकर

साक्षीदार:
कानिफनाथ बाबूराव सुरवसे, खर्डा
साळूबाई गहिनीनाथ दाताळ, खर्डा

लिहिणार: गोरक्षनाथ, शिक्षक

मुक्काम खर्डा, दिनांक १२ मार्च १९७३