यंदा सापडलेल्या नऊ गाण्यांची निरवानिरव

मी, खाली सही करणार, वय एकाहत्तर, धंदा रेडिओ व टेपरेकॉर्डर दुरुस्ती आणि धंद्याबाहेरचा उद्योग व्याख्याने, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, भर दुपारी, दुकानाचे दार सताड उघडे ठेवून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे, तोही मला तासभर ऐकून घेतल्यावर. आज माझ्यावर कोणाचा दबाव नाही. तो पुढे येईल, म्हणून आजच लिहून मोकळा होतो. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. त्यांत थोरल्या बंधूंविषयी नको तितके लिहिले होते.

कलम पहिले. दुकान आणि त्यावरच्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीच्या. जिन्याची चौथी पायरी हलते, ती तिने खिळे मारून घ्यावी. मी वीस वर्षे नुसता ‘उद्या करतो’ म्हणत आलो. दुकानाच्या मागच्या खोलीत भिंतीत कपाट आहे. ते रिकामे आहे. कोणी ते उघडून दाखवा म्हणाले, तर हुज्जत न घालता उघडून दाखवावे.

कलम दुसरे. सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कडी आणि तीन चालू टेपरेकॉर्डर, यांतला सर्वांत चांगला टेपरेकॉर्डर शेजारच्या शिंप्याला द्यावा. हा गृहस्थ बावीस वर्षे भिंतीवर कात्री आपटून ‘आवाज कमी करा’ असे सांगत आला आणि आवाज कमी केला की पाच मिनिटांनी दारात येऊन, मघाशी वाजत होते ते काय होते, असे विचारत आला. त्याच्याइतका प्रामाणिक श्रोता मला सभागृहातही मिळाला नाही. बाकीचे सामान मुलीने ठेवावे.

कलम तिसरे. थोरल्या बंधूंना मी एक टेप देतो. मी चौदा वर्षांचा असताना त्यांनी माझे अकॉर्डियन परस्पर देऊन टाकले आणि वर म्हणाले, “वाजवून कुणाचं पोट भरलंय?” यंदा एका खलाशाने मला दूरच्या बंदरातून टेप पाठवली. उजव्या हाताला तीनच बोटे उरलेला एक हमाल तिच्यात अकॉर्डियन वाजवतो. पोट तो माल वाहूनच भरतो. वाजवतो तेव्हा मात्र त्या बंदरातले भोंगे लाजून गप्प बसावेत. बंधूंनी टेप शेवटपर्यंत ऐकावी. माफी नको. ‘बरा वाजवतो’ एवढे ते म्हणतील, आणि त्यांच्या तोंडून तेवढे म्हणजे डोक्यावरून पाणी.

कलम चौथे. आता श्रवणसभेविषयी, कारण सगळे तिथूनच सुरू झाले.

कामगार वाचनालयाच्या सभागृहात गेली एकतीस वर्षे, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, मी वर्षभरात सापडलेली नऊ गाणी ऐकवतो. खलाशी, परिचारिका, शाळामास्तर, कोण कुठले लोक जगभरातून टपालाने टेपा पाठवतात. सभेचा नियम एकच आणि तो माझा. गाणे वाजण्याआधी गाणाऱ्याचे नाव, गाव आणि काम मोठ्याने सांगायचे. कागद न बघता. राजांची नावे शाळेत पाठ करतो, मग दोर वळणाऱ्या बाईचे का नको? नाव न सांगता वाजवलेले गाणे हा चोरीचा माल आहे, हे मी एकतीस वर्षे टेबलावर मूठ आपटून सांगितले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वाक्याचा मला गर्व होता. तो मी इथे नोंदवून ठेवतो.

यंदासारखे वर्ष मी पाहिले नव्हते. तीन बोटांचा हमाल सांगितलाच. बर्फाच्या डोंगरावरचा एक मेंढपाळ झाडाच्या सालीचा कर्णा असा फुंकतो, की दरीच उत्तर देते आणि मग तो तिच्याशी भांडतो. एका बेटावरच्या पाणबुड्या म्हाताऱ्या वर आल्यावर जो श्वास सोडतात, त्याचीच त्यांनी चाल बांधली आहे. वाळवंटातल्या बसचे ड्रायव्हर गाडी बंद पडली की बॉनेटवर ठेका धरतात. त्या टेपेत शेवटी गाडी सुरू होते आणि सगळे हिरमुसतात. हे झाले चार. या चारही टेपांवरच्या चिठ्ठ्या शाबूत आहेत. त्यांची नावे घ्यावीत, आणि मोठ्याने घ्यावीत.

उरलेली पाच गाणी एकाच नदीच्या खोऱ्यातली, पाच बायकांची. तिथे त्या बायकांच्या भाषेत गाण्याला बंदी आहे. हे मला ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच तर मी ती निवडली.

त्यांतले दोर वळणाऱ्या बाईचे गाणे माझे या वर्षातले सर्वांत आवडते. ती वाखाचा पीळ देत उलट्या पावली मागे जाते, आणि पीळ घट्ट होईल तसा सूर चढतो. दोर तुटेल असे वाटते तिथे ती थांबते आणि हसते. ते हसू टेपेवर आहे. सभेत मी तिचे नाव घेतले, गाव सांगितले आणि बोलण्याच्या ओघात, विहिरीमागचे निळ्या दाराचे घर, हेही सांगितले. टेपेसोबत आलेल्या पत्रात ते होते. मला वाटले, घर दिसले की माणूस दिसते.

यंदा प्रथमच सभा रेडिओवरून दूरदेशी ऐकवली गेली. वाचनालयाच्या चिटणिसांनी ती खटपट केली होती. त्यांच्याशी माझे जन्माचे वाकडे आहे, पण याचा दोष त्यांना देऊ नये. परवानगी मी दिली, आणि हरखून दिली.

नोव्हेंबरात त्या बाईच्या भावाचे पत्र आले. एवढेच होते: “तुमचं भाषण आम्ही घरी बसून ऐकलं. बहीण स्वतःचं नाव ऐकून लाजली. चौथ्या दिवशी गाडी आली. गाडीवाल्यांनी गावात कुणालाही पत्ता विचारला नाही.”

तिचा पत्ता अजून लागलेला नाही. बाकी चौघींची मी सभेत फक्त नावे घेतली होती. त्या नावांच्या बायका खोऱ्यात शेकड्यांनी असतील. गाव आणि घर राहून गेले, कारण दोरवालीच्या घरावर मी इतका रंगलो की वेळ संपला.

कलम पाचवे. टेपा. पाचही टेपांवरच्या चिठ्ठ्या मी पात्याने खरवडून काढल्या आहेत. टेपा मुलीच्या. पुढल्या ऑक्टोबरात तिने त्या सभेत वाजवाव्यात. कोणी गायले असे कोणी विचारले, तर माहीत नाही म्हणावे. लोक म्हणतील, म्हातारा बेफिकीर होता, चोर होता. म्हणू द्यावे.

कलम सहावे. माझी नोंदवही, जिच्यात एकतीस वर्षांची नावे आणि पत्ते होते, ती कोणाच्याही वाट्याला येत नाही. चौघींना मी दुकानाच्या छापील कागदावर पत्रे धाडली, की आपला रेडिओ दुरुस्त होण्यासारखा नाही, पुन्हा पाठवू नये. तिघींची उत्तरे आली. टेपा पाठवू नका, हा मतलब त्यांना कळला आहे. ज्या पानाचे उत्तर आले ते पान मी जाळले. चौथे आज सकाळी उत्तराची वाट न पाहता जाळले, आणि मागोमाग उरलेली वही.

यावरून मुलीचे आणि माझे कडाक्याचे भांडण झाले. ती माझ्याच हाताखाली घडलेली, तिने माझेच शब्द माझ्यावर उगारले.

“बाबा, वही जाळलीत म्हणजे त्या पुन्हा कुणीच नाहीत. हेच तर त्यांना हवंय.”

“कुणीच नसलेला माणूस घरी झोपतो, पोरी.”

“आणि तुमचं चोरीच्या मालाचं भाषण?”

“चूक होतं.”

ती म्हणाली, चूक नव्हते. भाषण बरोबर होते, फक्त बोलायला जग चुकीचे होते. या वादात मी हरलो. व्याख्यानांच्या चाळीस वर्षांत असे प्रथमच घडले, आणि घडवणारी माझी मुलगी आहे, याचा अभिमान या कागदावर राहू द्यावा.

कलम सातवे. गेल्या मंगळवारी दोन सभ्य गृहस्थ दुरुस्तीसाठी रेडिओ घेऊन आले. इस्त्रीचे कपडे, गोड बोलणे. आपल्या सरकारची आणि त्या खोऱ्याच्या सरकारची हल्ली गळ्यात गळा घालून मैत्री आहे, हे वाचकांना माहीत असेलच. मी रेडिओ उघडला. त्यात बिघाड नव्हता. धूळसुद्धा नव्हती. मी तसे सांगितले, तर दोघांतल्या धाकट्याने मान डोलावली. थोरला मागच्या खोलीतल्या माझ्या कपाटाकडे बघत म्हणाला, “आपलं पाठांतर दांडगं आहे म्हणतात. ऑक्टोबरात वेळ कमी पडला आपल्याला. राहिलेलं ऐकायला आवडेल.”

मी म्हणालो, वय झाले, हल्ली विसरतो. तो हसला. “आठवेल हो. आम्ही मदत करू.”

रेडिओ ते दुकानातच ठेवून गेले आहेत.

कलम आठवे व शेवटचे. कागद उरलेला नाही, पण मी उरलो आहे. चार गावे, चार घरे, चार बायका मला पाठ आहेत. विसरायचा प्रयत्न मी महिनाभर केला. ज्या डोक्याला आयुष्यभर नावे धरून ठेवायला शिकवले, ते आता सोडायला तयार नाही. आणि मी स्वतःला ओळखतो. मला बोलते करायला आजवर कोणाला कष्ट पडले नाहीत. एक खुर्ची आणि एक ऐकणारा पुरे होत असे. मी शूर आहे असे मी व्यासपीठावर अनेकदा सांगितले. ते तपासायची वेळ कधी आली नव्हती.

म्हणून माझ्या घरापेक्षा, हत्यारांपेक्षा मोठी अशी जी एकच गोष्ट माझ्याकडे आहे, तिची व्यवस्था अशी: आजच्या तारखेनंतर त्या खोऱ्यातल्या कोणाही बाईविषयी माझ्या नावाने, माझ्या सहीने किंवा माझ्या आवाजात जे काही बाहेर येईल, ते सर्व खोटे आहे. गाव खोटे, घर खोटे, बाई खोटी. तुम्हांला टेप ऐकवतील. आवाज माझाच असेल, श्वास घ्यायची लकब माझी असेल, कदाचित मूठ आपटल्याचाही आवाज येईल. माझ्या मुलीने तेव्हा चारचौघांत सांगावे, की हा माझा बाप नव्हे. तिला ते जड जाईल. तरी सांगावे. बापाचा शब्द तिने आजवर कधी मोडला नाही. हा शेवटचा शब्द पाळायचा, तर त्यानंतरचा माझा एकही शब्द तिने मानू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. एरवी मी जोडतो तसे शेवटी काही जोडत नाही.

ठिकाण: दुकान, पुढची खोली
दि. २९ डिसेंबर, दुपारी सव्वातीन

(सही) मृत्युपत्र करणार

आमच्या समक्ष सही केली. करणाऱ्याने आज नेहमीपेक्षा कमी बोलून सही केली, हे आम्ही दोघेही नोंदवतो.

साक्षीदार पहिला: (सही) डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना
साक्षीदार दुसरा: (सही) बेकरीवाला, समोरचे दुकान