शांततेच्या ठरावासाठी अँप

३ मार्च, मंगळवार

तळघराच्या डोक्यावर राहणाऱ्या समस्त रहिवाशांनो! तुमची-माझी दुपार कोणी खाल्ली? जेवून आडवं व्हावं, डोळा लागावा, आणि नेमकी तेव्हाच भिंतीभिंतीतून ती घुरघुर सुरू व्हावी — हे आपण किती दिवस सोसायचं?

इथे टाळ्या. म्हणजे पडल्या असत्या. समोर फक्त ही वही आहे, आणि वहीला हात नाहीत.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र सुजलंय. आमच्या कर्मचारी संघटनेच्या, बँकेच्या दारातल्या सभेत माइक बंद पडला आणि मी तशीच दीड तास बोलले, त्याचं हे बक्षीस. "तोंडातून शब्द काढायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्याने जास्त वाट लागते." मी चिठ्ठीवर लिहिलं — पंधरा तारखेला आमच्या इमारतीची सभा आहे. ते म्हणाले, "मग दुसरं कोणीतरी बोलेल."

दुसरं कोणीतरी! गळ्याचे डॉक्टर आहेत, माणसांचे नाहीत.

नवऱ्याने चिठ्ठी वाचून चेहरा गंभीर करायचा फार प्रयत्न केला. जमला नाही.

५ मार्च, गुरुवार

इमारतीचे चेअरमन आले. मी पाटी घेऊन बसले. लहानपणी धरली होती, त्यानंतर आजच.

"ताई, तुम्ही बोलला नाहीत तर ठराव बोंबलला म्हणून समजा. मागच्या वर्षी पंपासाठी उभ्या राहिलात — दहा मिनिटांत नवा पंप मंजूर! मी दोन वर्षं घसा कोरडा करत होतो."

ठराव एका ओळीचा आहे: तळघरातली सरावाची खोली रिकामी करून घ्यावी. अडचणही एका ओळीची: ती खोली माझ्या सख्ख्या दिराकडे आहे.

तो रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. वय चव्वेचाळीस, लग्न नाही, आमच्याच घरात राहतो. अख्खी इमारत त्याला 'वायरमन' म्हणते, कारण खांद्यावर वायरींचं वेटोळं टाकल्याशिवाय तो कधी जिन्यात दिसलेला नाही. ही खोली गेली तर बँडला दुसरी मिळणार नाही. ड्रम, गिटार, अँप हे शब्द ऐकले की शहरातला प्रत्येक घरमालक फोन ठेवतो. मला हे ठाऊक आहे. पण नातं घरात आणि तत्त्व सभेत! आयुष्यभर मी साहेबांच्या नातेवाइकांवर तुटून पडले, आता स्वतःच्या नातेवाइकाला सोडू?

नवरा म्हणाला, "तत्त्व जेवायला बसतं तेव्हा भाजी त्यालाच वाढायची आहे, एवढं लक्षात ठेव."

६ मार्च, शुक्रवार

पुरावे गोळा करायला तळघरात गेले. विरोधकाचं साहित्य वाचल्याशिवाय मी भाषण करत नाही.

भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. तीन गिटारी: एक काळी, एक लाल (मान मोडून पुन्हा चिकटवलेली), आणि एक 'विकायची आहे' — ती विकायची आहे हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. कोपऱ्यात अँप, म्हणजे गिटारीचा आवाज मोठा करणारा डबा. लहान फ्रिजएवढं, काळं कातडं, पुढे जाळी. मागून डोकावलं तर आत काचेच्या नळ्या, बल्बसारख्या तांबूस पेटलेल्या. आजच्या काळात! "त्या तापल्या की सूर गोड होतो, वहिनी." माणूस तापला की गोड होतो असं मला कधी दिसलं नाही.

आणि जमिनीवर ती पेडलं. रंगीबेरंगी, साबणाच्या वड्यांएवढी, एकमेकांना वायरींनी जोडलेली. एकावर पाय दिला की सूर फाटतो. एकावर दिला की तोच सूर परत परत येतो. एक सुराला पाण्यात बुडवतं. म्हणजे आधी वर्षानुवर्षं स्वच्छ वाजवायला शिकायचं, मग पैसे मोजून ते बिघडवायचं! मी पाटीवर तसं लिहिलं. तो खो-खो हसला. "हे भाषणात घ्या, वहिनी, खरंच घ्या."

मग म्हणाला, "पण घुरघुर आमची नाही. बँड इथे सहा वर्षं आहे, घुरघुर एका वर्षाची. शेजारी पंप बसला तेव्हापासूनची. तो सुरू झाला की उलट माझ्याच गिटारीत ती शिरते."

पाटी: सुट्टीच्या दिवशीही येते.

"सुट्टीच्या दिवशी मी इथे नसतो. अँप बंद असतं."

पाटी: विसरत असशील. फ्रिजचा दिवाही तुला बंद करता येत नाही.

"फ्रिजचा दिवा आपोआप बंद होतो, वहिनी."

पुढे लिहायला पाटीवर जागा नव्हती. आरोपी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हे सगळ्या क्रांत्यांच्या इतिहासात आहे. आणि बोट कोणाकडे, तर माझ्या पंपाकडे!

१० मार्च, मंगळवार

काही नाही. गप्प.

१३ मार्च, शुक्रवार

डॉक्टरांनी सूट दिली! दहा मिनिटं, अगदी हळू, गप्पा मारल्यासारखं. आवाज चढवला तर पुन्हा पाटी.

हळू? त्या सभागृहात? तिथला लाउडस्पीकर म्हणजे पत्र्याच्या डब्यात सापडलेली माशी. रात्री मी अर्धीच भाकरी खाल्ली.

दीर मान खाली घालून जेवत होता. म्हणाला, "त्या डब्यातून बोलणार? वहिनी, तुमचा एक शब्द कोणाला कळणार नाही. माझं अँप घ्या."

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "अरे, ती तुझ्याविरुद्धच बोलणार आहे!"

"बोलू दे की. पण नीट ऐकू तर यायला हवं."

मी 'हो' म्हणाले. शत्रूची शस्त्रं वापरायला इतिहासाची ना नाही.

१४ मार्च, शनिवार

तालीम झाली. तळघरात.

त्याने माझा माइक त्या साबणाच्या वड्यांतून अँपला जोडला. बटणं पिळत बसला, डोळे मिटून. "बोला काहीतरी." मी ठराव हळूच वाचला. "नाकात वाजतंय... आता? आता छातीतून येतोय. 'स' टोचतोय, थांबा." एका वडीने माझं पुटपुटणं आणि माझं ठासून बोलणं सारखं करून टाकलं. ही वडी आधी मिळाली असती तर वीस वर्षांच्या भाषणांत गळा वाचला असता.

आणि मग मी स्वतःला ऐकलं. हळू बोलणारी मी! आवाज खोलीभर, पण कोणाच्या कानात बोलावं इतका जवळचा. सगळं आयुष्य मी ओरडले. कोणी सांगितलं नाही.

शेवटच्या वाक्याला सवयीने पाय आपटला — माझा शेवट पाय आपटल्याशिवाय होत नाही, हे संघटनेत सगळ्यांना माहीत आहे — आणि तो नेमका डिस्टॉर्शनच्या, म्हणजे सूर फाडणाऱ्या, पेडलवर! "शांतता!" हा शब्द असा बाहेर आला, जणू डोंगर ढेकर देतोय. गाद्यांतून धूळ पडली.

दीर जमिनीवर बसून पोट धरून हसत होता. "वहिनी, आमच्या बँडमध्ये या!"

हसले नाही. म्हणजे आवाज न करता हसले.

१५ मार्च, रविवार

जिंकलो! एकतीस विरुद्ध चार.

सभागृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी हळू बोलत होते आणि माणसं खुर्चीत पुढे सरकत होती. अँपविरुद्ध, अँपमधून! पेडलं, नळ्या, बिघडवलेले सूर — सगळं घेतलं. पंपाकडे दाखवलेलं बोटही घेतलं. लोक हसून लोळले. दीर अँपमागे उकिडवा बसून बटणं सांभाळत होता. ज्या वाक्यावर त्याची सगळ्यात जास्त टर उडवली, तिथे त्याने आवाज किंचित वाढवला. माझं वाक्य हरवू नये म्हणून.

शेवटी पाय आपटला. काहीच झालं नाही. नुसता बुटाचा आवाज.

मतदान. हात. टाळ्या. चेअरमन म्हणाले, "ताई, यापुढे कायम हळूच बोला, जास्त भीती वाटते."

१६ मार्च, सोमवार

झाडताना दिराच्या जाकिटाच्या खिशात ते पेडल सापडलं. डिस्टॉर्शनचं. सभेआधी त्याने साखळीतून काढून खिशात टाकलं होतं. मी पाय आपटणार, हे त्याला माहीत होतं. ते तिथेच राहू दिलं असतं तर शेवटच्या शब्दाला सभा हसून फुटली असती, ठराव माझ्या पायाखालीच मेला असता, आणि खोली त्याच्याकडे राहिली असती.

विचारलं, "का काढलंस?"

"वाईट वाजलं असतं, वहिनी."

एवढंच. मग वायरी गुंडाळायला गेला.

१८ मार्च, बुधवार

खोली रिकामी झाली. गाद्या भंगारात. तिन्ही गिटारी कपाटाच्या वर. अँप ठेवायला जागा कुठे? आमच्या हॉलमध्ये, सोफ्याशेजारी. ड्रमवाला येऊन जिन्यात निरोप घेऊन गेला. बँड मोडला असं कोणी म्हटलं नाही. 'बघू' म्हणाले.

भाजी त्यालाच वाढली. मान वर केली नाही. मीच.

१९ मार्च, गुरुवार

दुपारी तीन. घुरघुर!

सोफ्यावरून उठले ती तणतणत. घरात आणलं तरी चालूच ठेवलंय! वायर ओढायला अँपमागे वाकले — प्लग जमिनीवर पडलेला. भिंतीपासून चांगला हातभर लांब. उचलून हातात घेतला. नळ्या गार. जाळीला कान लावला. मुकी.

प्लग माझ्या हातात, आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतंय.

तशीच तळघरात उतरले. गाद्या गेल्यामुळे ती खोली आता केवढी वाटते! जमिनीवर अँपच्या चार पायांचे ठसे. शेजारी पंपाची खोली. तिच्या दारावर हात ठेवला. हात कोपरापर्यंत झिणझिणला. दाराच्या फटीतून पाहिलं. हादरे शोषायला रबर नाही, काही नाही. पंप थेट भिंतीला बोल्टांनी आवळलेला. माझा पंप! दहा मिनिटांत मंजूर झालेला.

गळ्याला काहीही झालेलं नसताना माझा आवाज गेला.

२० मार्च, शुक्रवार

चेअरमनना म्हटलं, रविवारी फेरसभा लावा. "ताई, अहो, ठराव तुमचाच होता!" म्हटलं, म्हणूनच.

दिराकडे अँप मागितलं. आणि खिशातलं ते पेडलही. तो बघतच राहिला. "वहिनी, पाय आपटलात तर माहीत आहे ना काय होईल?"

माहीत आहे.

रहिवाशांनो! रविवारी सभेला येताना आधी तळघरात उतरा. पंप चालू असताना त्याच्या दारावर हात ठेवा. आणि मग तोच हात वर करा — माझ्या ठरावाविरुद्ध.