भोईरांचं मशीन का थांबतं

वसई, १२ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. यमुनाआत्यास अश्लेषाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? आतोबांचा खोकला थांबला असेल अशी आशा करते (विड्या थांबल्या नसतील, हे गृहीत धरते). इथे अप्पा आणि मी, दोघंही बरे. आगाशीहून पाठवलेली सुकेळी पोचली. पाहुण्यांसाठी राखून ठेवू म्हणत अप्पांनी निम्मी स्वतःच संपवली.

तू आणलेल्या स्थळाचं काय ठरलं, असं विचारलंस. संकेतचा फोटो पाहिला. पुण्याचा, अमेरिकेला निघालेला, गॉगल लावलेला (म्हणजे डोळे सोडून सगळं दिसतं). रविवारी ते बघायला येणार, त्याबद्दलच लिहायला बसले होते. पण ऑफिसात सध्या असा तांत्रिक प्रश्न झालाय की दुसरं काही सुचत नाही. तो आधी सांगते.

आमच्या विमा कंपनीचं मोठं मशीन मुंबईला आहे. ते एकच, पण वसईच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याला स्वतंत्र मशीन मिळालंय. (एकत्र कुटुंबात प्रत्येक सुनेला चूल आपली वाटावी, तसं.) या भासातल्या मशीनला मध्येच थांबवण्यासाठी कीबोर्डवर एक बटण असतं. ते दाबलं की काम जिथल्या तिथे गोठतं आणि 'बिगिन' असं टाइप करेपर्यंत ढिम्म हलत नाही. नव्या पीसींवर कोणा शहाण्याने हे काम पेज-अपच्या बटणाला लावून दिलं. साहजिकच ज्याला मागचं पान बघायचं, त्याचं मशीन ठप्प. हप्त्यांचं काम बघणाऱ्या थेरेसाने तर चर्चमधून आशीर्वादाचं पाणी आणून कीबोर्डवर शिंपडलं (थोडंसंच, पण स्पेसबार गेला).

सिस्टीम बघणारी मी एकटी. सकाळी काम सुरू करताना मशीन आपोआप वाचतं अशी प्रत्येकाची एक फाईल असते. तिच्यात एक ओळ घालून मी थांबवण्याचं काम एफ-अकराकडे दिलं. ते अजिबात काढून टाकता आलं असतं, पण आमचे मॅनेजर रॉबर्टसाहेब म्हणाले, ब्रेक नसलेल्या एसटीत ते बसत नाहीत. असो. एफ-अकराला कोणी बोट लावत नाही. सगळं ऑफिस शांत झालं, एक टेबल सोडून.

ते टेबल दाव्यांच्या विभागातल्या प्रितेश भोईरांचं. त्यांचं मशीन रोज थांबायचं, कधी जेवणानंतर पुन्हा. मी जायची, वाकून 'बिगिन' टाइप करायची, परत यायची. फाईल उघडली तर माझी ओळ बदललेली, थांबवण्याचं काम पुन्हा पेज-अपकडे. मी ती दुरुस्त करायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. व्हायरस म्हणावा, तर एकाच माणसाला कसा? कीबोर्ड बदलला. मुंबईला लांबलचक अहवाल पाठवला. शेवटी मशीन नेमकं केव्हा थांबतं ते बघायला त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. बसल्यावर कळलं की ते जूचंद्रचे, घरची भातशेती आहे, आधीची पिढी मिठागरात राबली, आई पुतळाबाई नायगावला भाजी विकते, आणि विधवा बायकांच्या दाव्यांचे कागद ते गठ्ठ्यात नेहमी वर ठेवतात. (बिघाड शोधायचा तर ही माहिती लागतेच.)

मग मला ताप आला, तुला ठाऊकच आहे. कामावर परतले तर रॉबर्टसाहेब म्हणाले, तू नव्हतीस तेव्हा भोईरचं मशीन एकदाही थांबलं नाही. मला वाईट वाटलं (अर्थात कामाच्या दृष्टीने). तासाभरात ते थांबलं. मी गेले, त्यांच्यासमोर फाईल उघडली आणि विचारलं, ही ओळ तुम्ही बदलता का?

ते कीबोर्डकडे बघत म्हणाले, "हो. तुमी पानी प्यायला उठता, तरी इकडं येत नाय. मशीन थांबलं की येता." मग म्हणाले, "उद्यापासून नाय थांबनार."

आत्या, दुसऱ्या दिवशी ते खरंच थांबलं नाही. दिवसभर नाही. माझ्या हातून मात्र एकही काम नीट झालं नाही. संध्याकाळी मी तशीच त्यांच्या टेबलाशी गेले. बिघाड काहीच नव्हता. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले.

तर असा तो प्रश्न. सुटला एकदाचा. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
अश्लेषा

ता. क. संकेतकडच्यांना नको म्हणून कळव. स्थळ तू आणलंस, नकार तुझ्याच तोंडून बरा दिसेल.

ता. क. (दुसरा) अप्पांशीही तूच बोल. मुलगा आपल्यातला नाही, आणि अमेरिकेला जायचा त्याचा विचार नाही. त्यांच्यासमोर मला शब्द फुटत नाही.

चि. यमुनेस थोरल्या भावाचा आशीर्वाद. पाकीट पोस्टात टाकायला अश्लेषाने माझ्याकडे दिलं, चिकटवायचं विसरली (किंवा विसरली नाही). मशीनचं काही कळलं नाही, मुलाचं कळलं. मी रागावलो आहे, ते तू आलीस की सविस्तर सांगेन. पुण्याला फोन मीच करतो. रविवारी त्या भोईरला आईसकट घरी बोलाव, असं तिला तू कळव. मी सांगायला गेलो तर ती रडेल, आणि समजूत घालायला घरात मी एकटाच.
– दिनानाथ